एमएस्सी मॅथ्स नंतर सिग्नल-इमेज प्रोसेसिंगमध्ये रिसर्च करायचाय, दोन्हीकडचं ट्रेनिंग कुठे मिळेल? (इंदूर)

खंडवा_रोडची_वेव्हलेट:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचून जायचे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी इंदूरचीच, युनिव्हर्सिटीच्या खंडवा रोड कॅम्पसला एमएस्सी मॅथ्सचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. प्रोजेक्ट वेव्हलेट्सवर (सिग्नल किंवा फोटो छोट्या-मोठ्या लाटांच्या तुकड्यांत मोडायचं गणित), म्हणजे सगळ्यात साध्या हार वेव्हलेटपासून सुरू करून मल्टिरिझोल्यूशन ॲनालिसिस (तेच चित्र जाड्या ते बारीक पायऱ्यांनी बघणं) आणि मग गणितज्ञ डोबशीचे कॉम्पॅक्ट सपोर्टवाले, म्हणजे मर्यादित रुंदीचे वेव्हलेट्स, तिथपर्यंत. थिअरी आवडते, प्रूफं पण जमतात, पण मी आजवर एकाही खऱ्या फोटोवर किंवा आवाजावर हे चालवलेलं नाही आणि व्हायव्हाला कोणी विचारलं की याचं पुढे होतं काय, तर "इमेज कॉम्प्रेशन" एवढं बोलून गप्प बसावं लागेल.

तर विचारायचं असं की नेटवर युरोपातल्या पीएचडीच्या जाहिराती दिसतात, एकाच प्रोजेक्टखाली दहा-पंधरा जागा, वेगवेगळ्या देशांत, त्यात मॅथ्सवाले, इंजिनिअरिंगवाले, एखादी कंपनी, एखादं हॉस्पिटल सगळे एकत्र. हे नक्की काय असतं? आपल्याकडे असं काही आहे का? इंदुरात आयआयटी आहे, एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आरआरकॅट ही लेसर-ॲक्सिलरेटरची सरकारी संशोधन संस्था आहे, पण मॅथ्सचा माणूस इलेक्ट्रॉनिक्सच्या जिन्यावर चढलेला मी तरी पाहिला नाही. घरी बाबा म्हणतात आधी बीएड करून ठेव. कोडिंग येत नाही म्हटलं तरी चालेल, थोडंफार पायथॉन वगळता.

रामबागवाली_मावशी:
अगं छान विषय काढलास. मी आयुष्यभर रिअल ॲनालिसिस शिकवलं, आता रिटायर्ड, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या बाजूचं मला विचारू नकोस पण गणिताच्या बाजूचं सांगते.

एनबीएचएमची (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स) पीएचडी स्कॉलरशिप परीक्षा दे, बोर्ड १९८३ पासून आहे आणि गणितासाठीच आहे. उन्हाळ्यात एमटीटीएस हे गणिताचं शिबिर असतं, कुमारेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा गणिताकडे बघायचा चष्मा तिथे बदलला कारण तिथे फळ्यावरचं उतरवून घ्यायचं नसतं, तुलाच फळ्यापाशी उभं करतात. पुढच्या लेव्हलला एटीएम (ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स) स्कूल्स, नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सची, टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईचं जॉइंट सेंटर आहे ते. पण हे सगळं शुद्ध गणिताचं ट्रेनिंग आहे हं, उत्तम आहे, फक्त तिथे तुझ्या शेजारी एमआरआय मशीन चालवणारा बसत नाही.

दोन गाइडचं म्हणशील तर यूजीसीच्या नियमात को-सुपरवायझर दुसऱ्या डिपार्टमेंटचा, दुसऱ्या संस्थेचा सुद्धा चालतो. पण बेटा, दोन घरचा पाहुणा उपाशी, हे विसरू नकोस. एका कॉलेजात मी पाहिलंय, मॅथ्सचे गाइड म्हणायचे यात थिअरम कुठे आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे म्हणायचे रिझल्ट टेबल कुठे आहे, मुलगा बिचारा दोन्हीकडे निम्मा निम्मा लिहित राहिला. पहिल्याच महिन्यात दोघांना एका खोलीत बसवून प्रश्न एका पानावर लिहून घे, दोघांच्या सह्यांनिशी.

डीएसपीवाला_भिया:
भिया राम सगळ्यांना. मी इंदूरचाच, इलेक्ट्रॉनिक्स इथेच केलं, आता बंगळुरात मेडिकल इमेजिंगमध्ये आहे. ताई तुम्ही ज्या वेव्हलेटवर प्रोजेक्ट करताय त्याचा इतिहासच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

मोर्ले हा तेल शोधणाऱ्या कंपनीतला जिओफिजिसिस्ट. जमिनीत धक्का देऊन परत येणारा सिग्नल वाचायचा, त्यात बारीक थर पण दिसले पाहिजेत आणि जाडे पण, आणि विंडो लावलेल्या फूरिएने (सिग्नलचा एकेक तुकडा घेऊन त्यातल्या फ्रिक्वेन्सी काढायची पद्धत) त्याचं समाधान होईना कारण विंडोची रुंदी एकदा ठरली की ठरली. त्याने विंडो ताणायची-आकसायची युक्ती काढली, चालत होती पण का चालते हे नीट सांगता येत नव्हतं. मार्सेयमध्ये ग्रॉसमन नावाचा थिअरॉटिकल फिजिसिस्ट होता त्याच्याशी गाठ पडली, दोघांचा पेपर १९८४ चा. मग तो पेपर पॅरिसजवळ एकोल पॉलिटेक्निकमध्ये झेरॉक्स मशीनपाशी यिव्ह मेयेरच्या हाती आला (ही गोष्ट मेयेर स्वतः सांगतो), त्याला दिसलं की हे तर हार्मोनिक ॲनालिसिसमधलं कॅल्देरोनचं जुनं सूत्र आहे, आणि तो ट्रेन पकडून मार्सेयला गेला. पुढे मल्ला, जो तेव्हा अमेरिकेत कॉम्प्युटर व्हिजनचा पीएचडी विद्यार्थी होता, त्याला लक्षात आलं की इंजिनिअर लोकांचे फिल्टर बँक (सिग्नल फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत वाटणारे फिल्टर), इमेजचे पिरॅमिड (एकाच फोटोच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) आणि मेयेरचे बेसिस (वेव्हलेट्सचे संच) ही एकच गोष्ट आहे. १९८८ मध्ये डोबशीचा पेपर, १९८९ मध्ये मल्लाचा. आणि मग जेपीईजी २००० या फोटो साठवायच्या फॉरमॅटमध्ये, एफबीआयच्या फिंगरप्रिंट साठवणीत याच कुळातले फिल्टर. मेयेरला २०१७ मध्ये आबेल प्राइझ, गणितातला मोठा पुरस्कार.

आता उलटं उदाहरण. सीटी स्कॅनचं गणित, म्हणजे सगळ्या रेषांवरचे इंटिग्रल माहीत असतील तर आतलं फंक्शन परत काढता येतं, हे गणितज्ञ राडॉनने १९१७ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं. कॉर्मॅक या फिजिसिस्टने हाच प्रश्न केपटाऊनच्या हॉस्पिटलच्या कामातून नव्याने उचलला, स्वतः सोडवला, १९६३-६४ मध्ये छापला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. हाउन्सफील्ड या इंजिनिअरने ईएमआय कंपनीत मशीन बांधलं, १९७१ मध्ये पहिला पेशंट. राडॉनचं काम आधीच झालेलं आहे हे कॉर्मॅकला फार नंतर कळलं. १९७९ चं नोबेल दोघांना मिळालं ते ठीक, पण गणित अर्धं शतक ग्रंथालयात पडून होतं आणि ज्याला हवं होतं त्याला पत्ता नव्हता. ही तुम्ही म्हणता ती युरोपातली ट्रेनिंग नेटवर्क्स आहेत ना, ती याचसाठी काढलेली आहेत, बाकी जाहिरातीत काहीही लिहोत.

छप्पनवाला_छोरा:
माफ करा पण हे सगळं १९८८-८९ पर्यंत येऊन थांबलं 😀 भिया आता कोण वेव्हलेट वापरतं? डीनॉइझिंगमध्ये, म्हणजे फोटोतला गोंगाट काढण्यात, बीएम३डी ही पद्धत २००७ पासून राजा होती, २०१७ मध्ये डीएनसीएनएन हे न्यूरल नेटवर्क आलं आणि साध्या कन्व्होल्यूशनच्या थरांनी तिला मागे टाकलं. मी सीएसचा आहे, आमच्या बॅचमधे कोणी फूरिएचं कन्व्हर्जन्स वाचलेलं नाही आणि सगळे इमेजवर काम करून राहिलेत. ताईंनी पीएचडीची पाच वर्षं घालवण्यापेक्षा सहा महिने पायटॉर्च (न्यूरल नेटवर्कची पायथॉन लायब्ररी) शिकावं, सरळ नोकरी.

डीएसपीवाला_भिया:
@छप्पनवाला नोकरी लागेल, नाही म्हणत नाही, मीच इंटरव्ह्यू घेतो. पण मग मशीनमधून डॉक्टरच्या स्क्रीनवर जे जातं त्याची जबाबदारी कोण घेणार ते सांग. २०२० मध्ये पीएनएएस या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आंतुन, रेना, पून, ॲडकॉक आणि हान्सन यांचा पेपर आलाय, त्यांनी एमआरआय-सीटीची चित्रं बनवणारी न्यूरल नेटवर्क्स तपासली, इनपुटमध्ये डोळ्याला न दिसणारा बारीकसा फरक केला तर काही नेटवर्क्सच्या आउटपुटमध्ये भलतंच उमटलं, आणि गंमत म्हणजे एखाद्या नेटवर्कला जास्त सॅम्पल दिले तर चित्र सुधारायच्या ऐवजी बिघडलं. फास्टएमआरआय चॅलेंजमध्ये (कमी मापांतून एमआरआयचं चित्र बनवायची स्पर्धा) सुद्धा रेडिओलॉजिस्टांनी नेटवर्कने स्वतःच्या मनाने रंगवलेल्या रचना दाखवून दिल्या. इन्स्टाग्रामच्या फोटोत चाललं असतं, मेंदूच्या स्कॅनमध्ये नाही चालत.

आणि तुझी ती नेटवर्क्स पण कुठून आलीत बघ. २०१० मध्ये ग्रेगर आणि लकून यांनी स्पार्स कोडिंगच्या (सिग्नल मोजक्याच तुकड्यांत मांडायच्या) इटरेटिव्ह अल्गोरिदमच्या पायऱ्या उलगडून त्यांचेच थर केले. आज रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे मापांतून चित्र परत बांधण्यात, जे चांगलं चालतं त्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच, आत ऑप्टिमायझेशन बसलेलं, फक्त रेग्युलरायझर (चित्र कसं असावं हे सांगणारा भाग) डेटातून शिकवलेला. ज्याला त्या ऑप्टिमायझेशनची मूळ पायरी, प्रॉक्सिमल ऑपरेटर, माहीत नाही तो हे चालवेल, बिघडलं तर दुरुस्त करू शकणार नाही.

छप्पनवाला_छोरा:
दुरुस्त करायला डेटा वाढवायचा 😛 बरं बरं, पॉइंट आहे. तरी पाच वर्षं जास्तच.

मार्सेयचा_इंदूरी:
धागा उशिरा दिसला. मी सुदामा नगरचा, यापैकीच एका युरोपियन नेटवर्कमध्ये पीएचडी केली त्यामुळे जाहिरातीच्या आत काय असतं ते सांगतो.

युरोपियन युनियन मारी क्युरी नावाखाली पैसे देतं, आजच्या भाषेत डॉक्टोरल नेटवर्क. नियमाने कमीत कमी तीन देशांतल्या तीन संस्था लागतात, प्रत्यक्षात जास्त असतात. प्रत्येक जागेचा प्रश्न वेगळा, यजमान युनिव्हर्सिटी वेगळी, पण सगळ्या विद्यार्थ्यांच्या शाळा एकत्र होतात, आणि सहसा प्रत्येकाला काही महिने दुसऱ्या पार्टनरकडे जाऊन काम करावं लागतं, त्याला सेकंडमेंट म्हणतात. गणितवाला कंपनीत किंवा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, इंजिनिअर गणिताच्या डिपार्टमेंटमध्ये. या विषयातली जुनी उदाहरणं बघायची तर हॅसिप होतं, हार्मोनिक ॲनालिसिस अँड स्टॅटिस्टिक्स फॉर सिग्नल अँड इमेज प्रोसेसिंग, २००२ मध्ये सुरू झालेलं, नंतर स्पार्टन, ते स्पार्स रिप्रेझेंटेशन आणि कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचं (थोड्याच मापांतून पूर्ण सिग्नल परत काढायचं तंत्र). नावं बदलतात, ढाचा तोच.

कामाच्या गोष्टी:
नागरिकत्व कुठलंही चालतं, आपण भारतातून थेट अर्ज करू शकतो. आधी पीएचडी झालेली नसावी. आणि हा नियम लक्षात ठेव ताई, भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तू त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. आपल्याकडची मुलं आधी फ्रान्सला दोन वर्षांचं मास्टर्स करतात आणि मग तिथल्याच जागेला अर्ज करतात, तिथे बाद. जर्मनीच्या किंवा ऑस्ट्रियाच्या जागेला त्यांना चालतं. तू इंदुरातच आहेस, तुला सगळे देश मोकळे. जागा युराक्सेस पोर्टलवर येतात, आणि स्कॉलरशिप नसते, नोकरीचं काँट्रॅक्ट असतं, पगार, विमा सगळं. बाबांना हे सांग, बीएड जरा थांबेल.

आता आतलं. माझा प्रश्न आवाजातला गोंगाट काढायचा, गेबोर फ्रेम्स (सरकवलेल्या विंडोंनी आवाज वेळ आणि फ्रिक्वेन्सीत मोडायची पद्धत) वापरून. मी एक बाउंड, म्हणजे चूक किती होऊ शकते याची मर्यादा, सिद्ध केला, नेटवर्कच्या शाळेत मांडला, असमानतेत पुढे एक मोठा सी, म्हणजे न सांगितलेला स्थिरांक, होता जसा आपल्याकडे असतोच. गणितवाले खूश. मागच्या बाकावरून ऑडिओवाला इंजिनिअर विचारतो, सी किती? मी म्हटलं तो सिग्नलवर अवलंबून नाही. तो म्हणाला ते ऐकलं मी, पण तीन आहे का तीन हजार, कारण तीन असेल तर माझ्या प्रोसेसरमध्ये बसेल आणि तीन हजार असेल तर तुझं थिअरम बरोबर असून मला त्याचा उपयोग शून्य. खोलीत एकदम शांतता. मग तो आणि मी बसलो, खऱ्या विंडो घेऊन फ्रेम बाउंड्सचं (फ्रेमच्या खालच्या-वरच्या मर्यादांचं) गुणोत्तर आकड्यांत काढलं, विंडोचा आकार बदलून बघितला, आणि थीसिसचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातूनच निघालं कारण आकडे काढताना कळलं की माझ्या प्रूफमधली एक पायरी गरजेपेक्षा फार ढिली आहे आणि ती घट्ट करता येते.

कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचंही असंच झालंय, म्हणजे माझ्याकडे नाही, जगात. २००६ मध्ये कँडेस, रॉम्बर्ग, टाओ यांचा पेपर आणि त्याच वर्षी डोनोहोचा. म्हणाले की एन लांबीचा सिग्नल के-स्पार्स असेल, म्हणजे त्यात केच आकडे महत्त्वाचे असतील, तर साधारण के गुणिले लॉग (एन भागिले के) एवढी मापं पुरतात, मापं रँडम असली की झालं. कागदावर सुंदर. मग एमआरआयवाल्यांनी सांगितलं की बाबांनो आमचं मशीन फूरिए प्लेनमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या नकाशावर) रँडम टिंबं नाही घेऊ शकत, मशीनचा चुंबकीय ग्रेडियंट एका सलग वाटेवर चालतो, रेषा किंवा स्पायरल. शिवाय वेव्हलेटचे जाडे स्केल आणि फूरिएच्या लो फ्रिक्वेन्सी एकमेकांत इतके गुंतलेले असतात की सगळीकडे सारखंच रँडम घेतलं तर चित्र खराब येतं, मध्ये दाट आणि कडेला विरळ घ्यावं लागतं. एमआरआयवाल्या लस्टिगने २००७ मध्ये तसं करून दाखवलं, पण मूळ थिअरम त्या पद्धतीला लागूच पडत नव्हतं. ते लागू पडेल असं गणित तयार व्हायला आणखी काही वर्षं गेली. २०१७ मध्ये सीमेन्स आणि जीईच्या मशीनवर ही पद्धत वापरायला अमेरिकेत एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) परवानगी मिळाली. या सगळ्या प्रवासात गणित आधी आणि उपयोग मागून असं सरळ नव्हतंच, मशीनवाल्यांच्या कुरकुरीमुळे चांगलं गणित झालंय.

रामबागवाली_मावशी:
किती छान सांगितलंस रे. तो सी मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, एकाही विद्यार्थ्याने किती म्हणून विचारलं नाही 😄 बाकी सुदामा नगर म्हणजे जवळचाच की, कोणाचा तू?

मार्सेयचा_इंदूरी:
मावशी इथे नको, व्यनि करतो 🙏

सुखनिवास_रिटर्न:
इंदूरचं कोणी सांगितलंच नाही अजून म्हणून लिहितो. ताई, आरआरकॅटमध्ये इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून जोरदार एक्स-रे काढणारं मशीन, २.५ जीईव्ही ऊर्जेचं, आणि त्याच्यावर एक इमेजिंग बीमलाइन (त्या किरणांवरचं प्रयोगाचं ठाणं) आहे, तिथे एक्स-रेने मायक्रो-टोमोग्राफी, म्हणजे छोट्या वस्तूंचं बारीक सीटी स्कॅन होतं. मी तिथला कर्मचारी नाही, युनिव्हर्सिटीतून यूजर म्हणून जातो, प्रपोजल लिहून बीमटाइम मागायचा असतो. म्हणजे ज्या प्रकारच्या डेटासाठी लोक परदेशात जायचं म्हणतात तो इथेच शहराच्या कडेला तयार होतो.

तिथल्या डेटात नेहमी येणारी एक कटकट सांगतो, तुझ्या वेव्हलेटच्या कामाची आहे. सॅम्पल फिरतं, डिटेक्टर स्थिर. डिटेक्टरचा एखादा पिक्सेल बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा रिस्पॉन्स देतो, तो प्रत्येक अँगलला त्याच जागी चुकतो, त्यामुळे सायनोग्राममध्ये (सगळ्या अँगलची मापं एकाखाली एक रचलेलं चित्र) सरळ उभी रेघ दिसते आणि रिकन्स्ट्रक्शन केलं की त्याच रेघेचं गोल कडं होतं, रिंग आर्टिफॅक्ट. दगडाच्या सॅम्पलमध्ये भोकं मोजायची असतील तर ही कडी पण भोकं म्हणून मोजली जातात.

२००९ मध्ये म्युन्श आणि मंडळींनी यावर एक उपाय छापला. सायनोग्रामचं टू-डी वेव्हलेट डिकंपोझिशन करायचं, रेघ उभी असल्यामुळे तिची माहिती उभ्या डिटेलच्या बँडमध्ये गोळा होते, त्या बँडचं रेघेच्या दिशेने फूरिए घ्यायचं, रेघ त्या दिशेला बदलतच नाही म्हणून ती शून्य फ्रिक्वेन्सीपाशी एकवटते, तेवढ्याच भागाला गाउसियनने (घंटेच्या आकाराच्या फिल्टरने) दाबायचं आणि परत यायचं. नुसतं फूरिए वापरलं असतं तर चित्राचा खरा भाग पण कापला गेला असता, नुसतं वेव्हलेट वापरलं तरी तेच. आता प्रश्न: कुठला वेव्हलेट, किती व्हॅनिशिंग मोमेंट्सचा (वेव्हलेट किती डिग्रीपर्यंतचे पॉलिनोमियल शून्य करतो ते), किती लेव्हल, गाउसियन किती रुंद? आम्ही हातानेच नॉब फिरवून ठरवतो, सॅम्पल बदललं की परत फिरवतो. तुझ्यासारख्या मुलीने बसून सांगावं की कधी ही पद्धत खऱ्या रचनेला धक्का लावणार नाही, ते थिअरम मला हवंय आणि मी त्यातला सी पण विचारणार 😀

खंडवा_रोडची_वेव्हलेट:
बापरे एवढं सगळं! सगळ्यांचे खूप खूप आभार. व्हॅनिशिंग मोमेंट्सची प्रूफं मी लिहून काढलीयत आणि तोच प्रत्यक्षात हाताने फिरवायचा नॉब असतो हे आज कळलं. दोन शंका. एक, सुरुवात नेमकी कुठून करू, मला सायनोग्राम म्हणजे काय हे पण आज कळलं. दोन, मार्सेयवाल्या दादांना, तिकडे अर्जात काय बघतात? माझ्याकडे एकही पेपर नाही.

मार्सेयचा_इंदूरी:
मास्टर्सच्या विद्यार्थ्याकडे सहसा कोणी पेपर मागत नाही. तुझं एक पान असतं, मला हा प्रश्न का, ते नीट लिहिलेलं असावं, आणि तू काहीतरी शेवटपर्यंत नेलंयस हे दिसावं. एखादा जुना पेपर घेऊन त्याचा रिझल्ट स्वतः काढून दाखवलास, कोड उघड्यावर ठेवलास, तर माझ्या मते त्याचं वजन नुसत्या मार्कशीटपेक्षा जास्त. या क्षेत्रात आयपॉल नावाचं जर्नलच आहे, इमेज प्रोसेसिंग ऑन लाइन, तिथे लेखाबरोबर कोड पण तपासला जातो आणि तू तुझा फोटो टाकून वेबवरच अल्गोरिदम चालवून बघू शकतेस. तिथून दोन-तीन लेख वाच. दोन्ही बाजूंना समजेल असं लिहिणं कसं असतं ते दिसेल.

अजून एक, लेखकांच्या नावांचं आधी बोलून घ्यायचं. गणितात नावं आडनावाच्या क्रमाने लागतात, इंजिनिअरिंगमध्ये ज्याने जास्त केलं तो पहिला आणि सर शेवटी. देशपांडे असशील तर गणितात फुकट पुढे येशील, वैद्य असशील तर इंजिनिअरिंगवाल्यांना वाटेल हिने काहीच केलं नाही 😄 आणि फूरिएची व्याख्या पहिल्या पानावर ठरवा, २π घातांकात घातला का बाहेर, एफएफटी (कॉम्प्युटरवरचं झटपट फूरिए) उलटं येताना एन ने भागतं का सुलटं जाताना, आमच्याकडे यावरून एक अख्खा कोड फेकावा लागला.

सुखनिवास_रिटर्न:
सुरुवातीसाठी घरचा अभ्यास देतो, लॅपटॉप पुरतो. पायथॉनमध्ये स्किट-इमेज ही लायब्ररी टाक, त्यात शेप-लोगन फँटम, म्हणजे डोक्याच्या स्कॅनसारखं बनवलेलं चाचणीचं चित्र आहे, १९७४ पासून सगळे त्याच्यावरच हात साफ करतात. राडॉन ट्रान्सफॉर्म घे (भियाने सांगितलेले रेषांवरचे इंटिग्रल) १८० अँगलचा, फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन या सीटीच्या नेहमीच्या पद्धतीने परत आण. मग अँगल कमी करत ३० वर ये, रेषारेषा दिसायला लागतील. मग तिथे टोटल व्हेरिएशन (टीव्ही) लाव, म्हणजे चित्रातले एकूण चढउतार कमी ठेवणारी पद्धत, रूडिन-ओशर-फातेमी १९९२ वालं, आणि तुलना कर. पुढे आठवडाभराने एखादा पिक्सेल मुद्दाम बिघडव आणि रिंग काढ.

खंडवा_रोडची_वेव्हलेट:
केलं!! टीव्ही वापरून ३० अँगलला जवळजवळ मूळ फँटमसारखंच आलं, मी तर उडालेच. मग सहज म्हणून फँटमच्या मधल्या भागात एकसारखा ग्रे न ठेवता हळूहळू गडद होत जाणारा उतार घातला, तर टीव्हीने त्या उताराच्या पायऱ्या पायऱ्या करून टाकल्या. माझ्या कोडमध्ये घोळ आहे का?

डीएसपीवाला_भिया:
कोडमध्ये घोळ नाही ताई, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. टीव्ही असं धरून चालतो की चित्र म्हणजे सपाट तुकडे आणि मध्ये कडा. शेप-लोगन नेमकं तसंच आहे, सपाट लंबगोल, म्हणून त्याच्यावर टीव्ही जादू करतो. कँडेस-रॉम्बर्ग-टाओच्या पेपरमधला तो प्रसिद्ध प्रयोग, फूरिएच्या २२ रेषांमधून ५१२ बाय ५१२ चं फँटम जसंच्या तसं परत आलं, तो पण यामुळेच इतका चमकदार दिसतो. खऱ्या लिव्हरमध्ये सपाट काही नसतं. तुम्हाला पायऱ्या दिसल्या त्याला स्टेअरकेसिंग म्हणतात, आणि त्यावर ब्रेडीस, कुनिश, पॉक यांनी २०१० मध्ये टोटल जनरलाइझ्ड व्हेरिएशन काढलं, त्यात दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची पण सोय आहे.

अजून एक तपासा, सायनोग्राम ज्या कोडने तयार केला त्याच ग्रिडवर, त्याच कोडने उलटा सोडवला असेल तर उत्तर खऱ्यापेक्षा गोड येतं, याला आमच्याकडे इनव्हर्स क्राइम म्हणतात. बारीक ग्रिडवर डेटा बनवा, जाड्या ग्रिडवर सोडवा, वर थोडा नॉइझ घाला.

छप्पनवाला_छोरा:
तो उतारवाला फँटम आणि सायनोग्राम मला पण द्या ना ताई, मी एक छोटं यू-नेट (इमेजसाठीचं न्यूरल नेटवर्क) शिकवून बघतो, पायऱ्या येतात का ते. वेव्हलेटवर अजूनही विश्वास नाही हे लिहून ठेवतो.

खंडवा_रोडची_वेव्हलेट:
देते, पण अट अशी की तुमच्या यू-नेटला मी इनपुटमध्ये खोड्या करणार, पीएनएएसवाल्या पेपरसारख्या. आणि तुम्ही ट्रेनिंगला कुठला डेटा वापरला ते पण टाकायचं.

छप्पनवाला_छोरा:
मंजूर.

सुखनिवास_रिटर्न:
मग शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बसू या का, एक तास, एकच पेपर. म्युन्शचा पहिला घेऊ. ज्याने गणित केलंय त्याने कोडचा भाग समजावायचा आणि कोडवाल्याने गणिताचा, नाहीतर प्रत्येक जण आपल्याच गल्लीत फिरत राहतो. मार्सेयवाल्यांच्या वेळेप्रमाणे आपली रात्रीची ८:३० ठीक राहील.

रामबागवाली_मावशी:
मी पण येणार, मला कोड येत नाही पण म्युन्शच्या त्या पद्धतीत गाउसियनने दाबल्यावर नॉर्म (सिग्नलचं एकूण माप) किती बदलतो ते मी कागदावर करून आणते. लिंक मोठ्या अक्षरात पाठवा रे.

मार्सेयचा_इंदूरी:
८:३० चालेल. @खंडवा_रोडची_वेव्हलेट, तोवर डोबशीच्या डीबी२, डीबी८, डीबी२० अशा तीन वेव्हलेट्सवर रिंग काढून तिन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेव, आणि काढून टाकलेला भाग वेगळा दाखव, म्हणजे मूळ वजा उत्तर. त्यात सॅम्पलची रचना दिसली की समज आपण खरं काहीतरी खाल्लं.